ग्रुपवर टाकलं होतं की!

घाटावरची

नेहमी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमचा शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दहावी १९९३, कराड. पहाटे साडेपाचला एक जण सूर्यफूल आणि सुविचार टाकतो, तिथून जे सुरू होतं ते रात्री अकराला दुसरा कुणी चंद्र टाकेपर्यंत. मी कधीच म्यूट केलाय. सोडलेला मात्र नाही. सोडवत नाही.

या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कराडला जमायचं ठरलंय. बायकांना एका रंगाच्या साड्या, पुरुषांना एकसारखे टीशर्ट, असला सगळा थाट. मापांची यादी माझ्या गळ्यात पडली. यादी करताना लक्षात आलं की मंगल (नाव बदललंय) ग्रुपात नाहीच.

मंगल म्हणजे पाचवी ते दहावी माझ्या बाकावर बसलेली. लग्न करून चिपळूणला गेली, मी पुण्यात आले. अ‍ॅडमिनला विचारलं तर म्हणाला, "असेल गं, नीट बघ." नीटच बघितलं. ग्रुपच्या माहितीत तळाशी बाहेर पडलेल्यांची नावं दिसतात, पण फक्त ६० दिवसांपर्यंतची. त्यात ती नाही. म्हणजे पासष्टचे चौसष्ट होऊन दोन महिन्यांच्या वर झालेत आणि चौसष्टातल्या एकालाही पत्ता नाही.

आता खरं सांगते का लिहितेय ते. गेल्या भोगीला माझी आई गेली. शेवटची चार वर्षं ती माझ्याकडेच होती, पुण्यात. मी ग्रुपवर चार ओळी टाकल्या. श्रद्धांजल्या आल्या, हात जोडून झाले, दोघीतिघींचे फोन आले. मंगलचं काहीच नाही. फोन नाही, मेसेज नाही, जोडलेले हातसुद्धा नाहीत. जिनं सहा वर्षं मधल्या सुट्टीत माझ्या आईच्या हातचं खाल्लं, तिचं काही नाही. मी मनात गाठ मारून ठेवली. मीही नऊ महिने फोन केला नाही. तिच्या वाढदिवसाला आठवण होऊनही केला नाही.

आणि आता कळतंय की ती ग्रुपातूनही उठून गेलीय. रागावलीय का? माझ्यावर? असं कुणाचं झालंय का? काय केलंत?

सोलापूरकर

ताई, फोन लावा की. एवढं लिहायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात बोलून झालं असतं.

घाटावरची

लावू कुठल्या तोंडानं? नऊ महिन्यांनी फोन करून काय विचारू, आई गेली तेव्हा का आली नाहीस?

निवांत_नागपूर

मी तीन ग्रुपांचा अ‍ॅडमिन आहे, म्हणून तुमच्या अ‍ॅडमिनची बाजू घेतो. पूर्वी कुणी निघून गेलं की सगळ्यांसमोर पाटी लागायची, अमका गेला. मग दोन तास पंचायत. काहून गेला, कोण काय बोललं, माफी मागा, परत घ्या. २०२२ पासून ते बंद झालं. माणूस गुपचूप जातो, कळतं ते फक्त अ‍ॅडमिनला. आणि अ‍ॅडमिन म्हणजे फुकटचा हमाल, त्याला दिवसातून साडेतीनशे मेसेज दिसतात, त्यात ती बारकी ओळ कोण बघतं बाप्पा!

२०२४ च्या दोन निवडणुकांत आमच्या कॉलेजच्या ग्रुपातून सतरा जण गेले. मी मोजले कारण मला ते कामच होतं. बाकीच्यांना सतरापैकी चार नावं तरी सांगता येतील का, शंकाच आहे. एक बरं झालं, इतरांनी टाकलेल्या घाणीसाठी अ‍ॅडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही असं आमच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. नाहीतर मी पहिला पळालो असतो.

एकटाजीव

कुणाला राग येईल, पण मला यात काही गैर दिसत नाही. मी स्वतः अकरा ग्रुप सोडलेत. कुणाशी भांडण नाही. सूर्यफुलांचा कंटाळा आला, एवढंच. ग्रुप सोडला म्हणजे माणसं सोडली, हा अर्थ राहिलेले लोक काढतात.

डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये एक अंदाज मांडला होता. माकडांच्या मेंदूंचा आणि त्यांच्या कळपांचा हिशेब घालून तो म्हणाला की माणसाला साधारण १५० जणांशीच खरीखुरी ओळख ठेवता येते, आणि अगदी जवळचे तर पाचेक. त्यावर वादही पुष्कळ झाले, पण पाचेक हा आकडा मला पटतो. व्हॉट्सअ‍ॅप एका ग्रुपात १०२४ माणसं घेऊ देतं. १०२४ माणसांची पंगत बसते, मैत्री नाही.

धागाकर्तीचा प्रश्न ग्रुपचा नाहीच. मैत्रीण पाचांत होती की दीडशेत, एवढंच ठरवायचंय.

खमंग_चिवडा

एकटाजीव, "माणसं सोडली नाहीत" म्हणता, पण ग्रुप सोडल्यावर त्या अकरांपैकी किती ठिकाणच्या माणसांशी बोललात?

एकटाजीव

दोन.

बरं, एक.

खमंग_चिवडा

प्रामाणिक आहात. चिवडा घ्या.

श्टुटगार्टचा

माझा मामा गेला हे मला मामेभावाच्या स्टेटसवरून कळलं. सकाळी ट्रामच्या थांब्यावर उभा होतो, हातात कॉफी. अंगठ्यानं एकेक स्टेटस पुढे ढकलत होतो. कुणाची मिसळ, कुणाची नवी गाडी, मग मामाचा फोटो. मला वाटलं वाढदिवस आहे. अंगठा पुढे गेलासुद्धा. मग मागे येऊन खालची ओळ वाचली.

स्टेटस चोवीस तासच राहतो. मी पंचविसाव्या तासाला फोन उघडला असता तर? भावाला मी रागानं विचारलं, अरे फोन नाही का करायचास? तो म्हणाला, "सगळ्यांना एकदम कळावं म्हणून टाकलं. कुणाकुणाला फोन करू? मी दवाखान्याचं बिल भरत होतो." त्याचंही खरंच होतं. बापाला पोहोचवून आलेल्या माणसाशी किती भांडणार.

सत्तरीपार

तुम्हा मुलांचं वाचून मला माझ्या लहानपणचा सांगावा आठवला. सांगावा हा शब्दच आता बोलण्यातून गेला.

आमच्याकडे, खटाव तालुक्यात, कुणी गेलं की घरातला एक जाणता माणूस सायकलवर निघायचा. आत्याकडे, मावशीकडे, सोयऱ्यांकडे, गावोगाव. दारात सायकल थांबवायचा. घरात यायचा नाही, टेकायचा नाही. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. त्याचा चेहरा बघूनच आईच्या हातातलं काम थांबायचं. तो सांगायचा, कोण, कधी, माती किती वाजता. पाणी विचारलं तर, "नको, अजून तीन गावं करायचीत." आणि जायचा.

हे काही फार प्रेमाचं होतं असं नाही. सांगावा आला नाही म्हणून दोन-दोन पिढ्या तुटलेली घरं मी पाहिली आहेत. लांबच्यांना कार्ड जायचं. तसलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. अगदी जवळच्यांना तार. तार तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली. पत्रांचे गोडवे मला कुणी सांगू नयेत. निम्मं अंतर्देशीय "मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम" यातच संपायचं, आणि क्षेम काहीच नसायचं.

पण एक होतं. सायकलवरचा माणूस परत आल्यावर सांगायचा, आत्या भेटली, मावशी घरी नव्हती, शेजारणीला सांगून आलोय. कुणाला पोचलं आणि कुणाला नाही, याचा हिशेब घरात असायचा.

म्हापशेकार

सत्तरीपार काका, छान लिहिलंत. आमच्या गावात अजून चर्चची घंटा आहे. मरणाची घंटा वेगळी असते, एकेक ठोका, मध्ये थांबून थांबून. ती ऐकली की हिंदू असो वा क्रिस्तांव, माणूस अंगणात येतो आणि शेजाऱ्याला विचारतो, कोण? घंटा नाव सांगत नाही. नाव कळायचं तर माणसालाच विचारावं लागतं.

पंचगंगा

कोल्हापुरात चौकातला फळा. खडूनं लिहिलेलं, रक्षाविसर्जन अमुक वाजता. दूध आणायला गेलेला माणूस दुधाबरोबर बातमी घेऊन यायचा. आता फळ्याच्या जागी फ्लेक्स आहे, त्यावर गेलेल्यापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे.

ऑर्कुटवीर

मैत्री होती ती ऑर्कुटवर! स्क्रॅप, टेस्टिमोनियल, फॅन. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा मी खरंच हळहळलो होतो. माझ्या बायकोनं लग्नाआधी मला जे टेस्टिमोनियल लिहिलं होतं ते जपून ठेवायला हवं होतं. आता ती म्हणते, असं काही लिहिलंच नव्हतं.

खमंग_चिवडा

धागा भरकटतोय. वहिनींचं बरोबर असणार.

पांझराकाठ

थोडं कडू लिहितो. आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते, त्यातून झालं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते मेसेज फिरवणाऱ्या कुणालाही नंतर विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी फक्त टाकलं.

"टाकलं" हा शब्दच बघा. कचरा टाकतात, पोस्ट टाकतात. सांगणारा समोर उभा असतो, टाकणारा निघून गेलेला असतो. विषयाला सोडून वाटलं तर संपादकांनी उडवावं.

घाटावरची

उडवू नका. हा शब्द मी वरच्या लिखाणात शीर्षक धरून चारदा वापरलाय, आत्ता मोजला.

कडेगावची_सून

आमच्या शेजारच्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं नाहीतर वाचायचं. पेपरात खूप आलं होतं. माझी चुलतनणंद तिथं दिलीय. पहिल्यांदा गेले तेव्हा भोंगा वाजला आणि माझ्या हातात फोन तसाच. तिच्या सासूनं काही न बोलता माझ्यासमोर गवारीची पाटी सरकवली. दीड तासात गवार मोडून झाली आणि त्या घरातल्या तीन भानगडी मला कळल्या, ज्या गेली पाच वर्षं रोज फोनवर बोलूनही कळल्या नव्हत्या.

बाकी भोंगा गावाला लावता येतो. चौसष्ट जणांच्या ग्रुपाला कुठून लावणार?

तांत्रिक_अडचण

सगळे भावुक झालेत, मी जरा कामाचं विचारतो. घाटावरची, आई गेल्याचा तो मेसेज तुमच्या फोनमध्ये अजून आहे का? फोन बदलला नसेल तर त्या मेसेजवर बोट दाबून धरा, माहिती असा पर्याय येईल. त्यात कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला याची नावानिशी यादी दिसते. मैत्रिणीचं नाव कुठल्या यादीत आहे ते बघा, मग रागवा.

घाटावरची

थांबा, बघते.

घाटावरची

बघितलं. तो मेसेज शोधायला चाळीस मिनिटं लागली. मध्ये संक्रांतीचे तिळगूळ, हलव्याचे दागिने, प्रजासत्ताकदिनाचे झेंडे, कुणाच्या तरी नातवाचं बोरन्हाण. माझ्या चार ओळी या सगळ्यात एवढ्याशा दिसत होत्या. माझ्या मेसेजनंतर दोनच मिनिटांनी एकानं विनोद टाकलाय. त्यानं वरचं वाचलं नसणार, नंतर त्यानंही हात जोडलेत.

वाचलेल्यांत एकसष्ट नावं. पोचलेल्यांत दोन. मंगल दोन्हीत नाही.

म्हणजे भोगीच्या दिवशी ती ग्रुपात नव्हतीच. तिला माझी आई गेल्याचं कुणी सांगितलंच नाही.

सत्तरीपार

बाळ, आता फोन लाव.

घाटावरची

लावला. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

वाशिष्ठीकाठचा

मी चिपळूणचाच. नंबर बंद म्हणून घाबरू नका. इथं निम्म्या गावाचे नंबर बदललेत.

२२ जुलै २०२१ चा पूर आठवतो ना? पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं आणि बघता बघता तळमजले गेले. एसटी स्टँडात गाड्यांच्या टपापर्यंत पाणी. माझा फोन, लॅपटॉप, कपाट, सगळं वाशिष्ठीनं नेलं. आम्ही माळ्यावर बसून होतो, बायकोच्या फोनमध्ये चार टक्के चार्जिंग. कुणाला फोन करायचा? मला तीन नंबर पाठ होते. एक स्वतःचा, एक आईचा लँडलाइन, जो दहा वर्षांपूर्वीच बंद झालेला, आणि एक शाळेतल्या मित्राचा, कारण त्याचा शेवट माझ्या हजेरी क्रमांकाचा होता. मित्राला लावला. तो लोट्याला होता. त्यानं बाकी सगळ्यांना कळवलं.

नंतर नवा फोन आला, जुने नंबर कधी जमलेच नाहीत. मला आजही ओळखीच्या माणसांचे फोन "कोण?" म्हणून घ्यावे लागतात. मैत्रिणीचं गावातलं ठिकाण मला व्यक्तिगत निरोपातून कळवा, जाऊन येतो. स्कूटर आहे.

संपादक

कृपया कुणाचेही नंबर, पत्ते, खरी नावं धाग्यात लिहू नयेत. व्यक्तिगत निरोप वापरावेत.

घाटावरची

वाशिष्ठीकाठचा, खूप आभार. आधी तिच्या माहेरी बघते. तिच्या भावाचं कराडच्या मंडईजवळ दुकान आहे. दुकानाचा नंबर नाही, पण शेजारच्या औषधाच्या दुकानाचा आहे, कारण आईची एक गोळी तिथूनच यायची.

सोलापूरकर

हे बेस्ट. लावा.

घाटावरची

काल रात्री लिहायला जमलं नाही, आज लिहिते. एवढं सगळं तुम्ही मनावर घेतलंत म्हणून सविस्तर लिहिते.

औषधवाल्यानं "एक मिनिट हां वहिनी" म्हणून तोच फोन हातात घेऊन शेजारच्या दुकानात नेऊन दिला. भावानं मला आवाजावरून ओळखलं. नवा नंबर दिला. दोनच रिंग झाल्या आणि पलीकडून, "बया! तू?"

तर प्रकार असा. गेल्या वर्षी आषाढात तिच्या मुलानं घरातल्या सगळ्यांचे नंबर एका पॅकेजमध्ये घेतले. तिचा जुना नंबर रिचार्ज न करता तसाच सोडला, तो बंद पडला. जुन्या नंबराचं खातं चारेक महिने वापरलं नाही की व्हॉट्सअ‍ॅप ते पुसून टाकतं, त्याबरोबर ग्रुपही गेले. ती कुठल्याही ग्रुपातून उठून गेली नव्हती. रागावून तर मुळीच नाही. तिला वाटत होतं ग्रुपच बंद पडलाय. मुलाला म्हणाली होती, "माझी ती शाळेची माणसं दिसत नाहीत रे." तो म्हणाला, बघू.

मी म्हटलं, अगं, नंबर बदलला तर सांगायचं नाही का?

तर म्हणते, "स्टेटसला टाकलं होतं की!"

मुलानं जुन्या नंबरावर एक दिवस स्टेटस ठेवला होता, आमच्या मातोश्रींचा नंबर बदलला आहे. चोवीस तास. मी स्टेटस बघत नाही.

आता पुढचं ऐका. तीही माझ्यावर रुसलेली होती. अक्षय्य तृतीयेला तिच्या मुलीचा साखरपुडा झाला. तिनं ओळीनं तीन दिवस स्टेटस ठेवले, नव्या नंबरावरून. मुलगी, जावई, अंगठ्या, सगळं. आणि वाट बघत बसली की मी काहीतरी म्हणेन. पण स्टेटस दिसायचा तर तिचा नंबर माझ्याकडे साठवलेला हवा, आणि नवा नंबर शाळेतल्या एकाकडेही नव्हता. "बघणारे अकरा जण," म्हणाली, "सगळे सासरचे. मी रोज उघडून बघायची, तुझं नाव आलंय का." तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, पुण्याला गेली, शिष्ट झाली.

आम्ही दोघी हसत होतो. हसताना तिनं विचारलं, "आणि काकू कशा आहेत?"

मला बोलताच येईना. नऊ महिने ज्या गोष्टीवरून तिच्यावर राग धरला ती गोष्ट मी तिला पहिल्यांदा सांगत होते. ग्रुपवरच्या चार ओळी आठवायला लागल्या. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" अशी सुरुवात केली होती मी तेव्हा. तीच म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच, "मंगल, आई गेली गं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला. मग म्हणाली, "तो हिरवा डबा कुठंय?"

हिरवा डबा म्हणजे आई मधल्या सुट्टीसाठी द्यायची तो, प्लास्टिकचा, दोन कप्प्यांचा. एका कप्प्यात पोळी, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. चटणी मंगलसाठी, कारण तिच्याकडे शेंगा घरात टिकायच्या नाहीत, पाच भावंडं. मी म्हटलं, आहे. टाचण्या आणि बटणं भरून ठेवलीत त्यात. म्हणाली, "तो मला दे."

बास. दिवाळीच्या कार्यक्रमाला ती येणार नाही, तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न आहे, गडबड आहे. मीच आधी जाऊन येते म्हटलं. ग्रुपात घालू का विचारलं तर म्हणाली, "घाल नंतर. आधी तू ये."

खमंग_चिवडा

ऑफिसात वाचतेय, डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं.

एकटाजीव

काल रात्री एकाला फोन केला. एवढंच सांगायला आलो होतो.

निवांत_नागपूर

आमच्या सतरांची यादी काढली आहे. आज तिघांना लावला. दोघांनी उचलला, त्यातल्या एकानं दहा मिनिटं शिव्या दिल्या. बरं वाटलं.

श्टुटगार्टचा

सत्तरीपार काका, तुमची सायकल डोक्यातून जात नाहीये. मामेभावाला विचारलं, मामाची खबर तू कुणाकुणाला फोनवर दिलीस? म्हणाला, दोघांना. त्यातला एक म्हणजे मामाचा रिक्षावाला मित्र, ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.

वाशिष्ठीकाठचा

घाटावरची, कराडहून येताना पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून एसटी येते, सकाळची धरा. खिडकी मिळवा. घाटात पोट ढवळत असेल तर कोयनानगरला चहा घेऊ नका, आवळा ठेवा. स्टँडवर उतरलात की रिक्षा जास्त मागतील, देऊ नका.

घाटावरची

शनिवारची सकाळची गाडी धरतेय. टाचण्या दुसऱ्या डब्यात काढल्या, हिरवा डबा घासून उन्हात ठेवलाय. एका कडेला दातांच्या खुणा आहेत. माझ्या की तिच्या, ते तिथं गेल्यावर बघू.

सोलापूरकर

ताई, रिकामा डबा नेऊ नका हां. शेंगा मंद आचेवर भाजा, सालं अर्धीच काढा. लसूण सालासकट, जिरं, मीठ, आमचं काळपट लाल तिखट असेल तर ते. मिक्सर नको, उखळात कुटा, तेल सुटेपर्यंत.

घाटावरची

उखळ आईचंच आहे, माळ्यावर. नवऱ्याला शिडी आणायला पाठवलंय.